पुकाऱ्याआधीचे शनिवार

भांड्यांच्या दुकानात मोडीचा एक कोपरा असतो. कोणी फुटकी कळशी आणून टाकतं, कोणी बसका पितळी डबा, कोणी कान तुटलेली कढई. आपण रोज म्हणतो, एकदा हे सगळं निस्तरू. आणि ढीग वाढतच जातो. माझ्याकडे किश्शांचं तसंच झालं आहे. मित्रमंडळी जमली की म्हणतात, "भाऊशेठ, त्या कोर्टातल्या खोलीतलं एखादं काढा." एक काढायला जावं तर खालून चार खणखणत बाहेर येतात!

खोली म्हणजे रत्नागिरीच्या कोर्टाच्या मागच्या अंगाची, जुन्या कागदांच्या कपाटांना लागून. एक टेबल, पाच-सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. ती आम्ही नेहमी जास्त बोलणाऱ्या नातेवाइकाला द्यायचो. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मोठ्या शहरांत आता कुटुंब न्यायालयं होणार, तिथे नवरा-बायकोला समजावणारी शिकलेली माणसं नेमणार, असं पेपरात येत होतं. ते कोकणात पोचायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. आमच्या जज्जसाहेबांनी वाट पाहिली नाही. घटस्फोटाची केस आली की निकालाआधी दोघांना शनिवारी आमच्यापुढे बसवायचे. आम्ही म्हणजे तिघं. आशाताई, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अण्णा, वकिली सोडलेले म्हातारे वकील. आणि मी, सातवी पास, बाजारपेठेतला भांडीवाला.

मला कशाला घेताय, असं मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "घरात भांड्याला भांडं लागायचंच, असं जो तो म्हणतो. पण लागलं म्हणजे किती लागलं, हे ओळखणारा एक तरी माणूस हवा ना!"

आता टिचकी मारून भांडं पिचलंय की नाही ते मी डोळे मिटून सांगतो. माणसाला टिचकी मारता येत नाही, एवढं मात्र पहिल्याच शनिवारी कळलं.

*

त्या पहिल्या शनिवारी लांज्याकडचं एक जोडपं आलं. गावात टेम्पो एकच, त्यामुळे दोन्हीकडची माणसं त्याच टेम्पोतून भांडत आलेली. नवऱ्याचा थोरला भाऊ आणि मुलीचा मामा हे दोघे पुढारी. बाकीचे मान हलवायला.

अण्णांनी मुलीला विचारलं, तुझं म्हणणं काय? ती खाली बघून म्हणाली, "मी नांदायला तयार आहे." मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मी नांदवायला तयार आहे." वकिलांनी पढवलेलं, दोघांनी पाठ केलेलं. दोघंही तयार, आणि केस आठ महिने उभी! अण्णा म्हणाले, मग अडलंय कुठे? त्याबरोबर भाऊ आणि मामा एकदम बोलायला लागले. लग्नातल्या मानपानापासून सुरुवात झाली ती थांबेचना. भावाने टेबलावर हात आपटला. मामाने खुर्ची मागे ढकलली. मला वाटलं, आता इथे रक्त सांडणार.

आशाताईंनी आयुष्यभर वर्ग सांभाळलेला. त्या उठल्या, दार उघडलं, आणि नवरा-बायको सोडून सगळ्यांना बाहेर घातलं. दाराला कडी.

मुलगी पदराचं टोक पिळत होती. मुलगा कपाटाकडे बघत होता. शेवटी मुलगी कपाटालाच विचारावं तसं म्हणाली,

"म्हस व्याली काय?"

"व्याली. तू गेलीस नि आठवड्यात."

"काय झालं?"

"रेडी."

"आता दूध कोण काढतं?"

"कोणाला काढू देत नाय. लाथ मारते. आयला मारलीन, मना मारलीन."

"मारणारच. कासेला हात घालण्याआधी तिच्याशी बोलायचं असतं."

"काय बोलायचं?"

ते काही तिने आम्हाला ऐकू दिलं नाही. उठून त्याच्या कानाशी गेली.

तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. कडी काढून बघतो तर भाऊ आणि मामा एकमेकांच्या गचांड्या धरून व्हरांड्यात लोळतायत. जोडपं त्यांना वळसा घालून टेम्पोकडे गेलं. आशाताईंनी चष्मा वर केला आणि त्या दोघांना म्हणाल्या, "तुम्हा दोघांचं पुढल्या शनिवारी घेऊ."

*

भांडणारी माणसं आली की अण्णा मनातून खूश असायचे. "आवाज आहे तोवर जीव आहे," असं म्हणायचे. भीती वाटायची ती न भांडणाऱ्यांची. आणि तसं जोडपं आमच्याकडे एकच आलं. दत्ताराम आणि वनिता, संगमेश्वराकडच्या एका वाडीतले.

दत्ताराम मुंबईला कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. लग्नाला दहा-अकरा वर्षं झालेली, पण संसार कोकणातल्या रिवाजाचा. तो तिकडे, ती इकडे. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, रजा संपली की ट्रंक उचलून एसटीत बसायचा. ती शेत, गुरं, काजूची झाडं, सगळं एकटीने बघायची. एक मुलगी झाली. वाडीत कोणी म्हटलं नसतं की ह्यांचं काही बिघडलंय. मग मोठा संप झाला, संप लांबला, आणि गिरणीचं फाटक काही उघडलं नाही. दत्ताराम ट्रंक घेऊन घरी आला तो राहिलाच.

वर्षभर घरात राहिला. मग शेजारच्या चुलत्याच्या पडवीत झोपायला लागला. तिथे आणखी वर्ष. आणि मग दोघांनी मिळून, एका कागदावर सह्या करून, राजीखुशीच्या घटस्फोटाचा अर्ज केला.

अशा अर्जाला कायदा सहा महिने थांबवतो. नंतर तारखेला पुकारा होतो, दोघांनी साहेबांपुढे उभं राहून पुन्हा एकदा "हो" म्हणायचं, की झालं. तीन पुकाऱ्यांत कोणी गेलंच नाही तर अर्ज रद्द. अर्ज पडला गणपतीनंतर, ऑक्टोबरात. तारीख लागली एप्रिलची. मधले महिने साहेबांनी आम्हाला दिले.

पहिल्या बैठकीत अण्णांनी दत्तारामला तक्रार विचारली. म्हणाला, तक्रार नाही, ती चांगली आहे. वनिताला विचारलं. म्हणाली, ते देवमाणूस आहेत. मुलगी कोणाकडे राहणार, ह्यावर तरी आवाज चढेल म्हणून मी मुद्दाम विचारलं. आईकडे, दोघंही एका सुरात म्हणाले. ज्या प्रश्नावर मी माणसं एकमेकांच्या अंगावर गेलेली बघितली, त्याचं उत्तर ह्यांनी एसटीत जागा वाटून घ्यावी तसं दिलं.

आशाताईंनी विचारलं, मग घटस्फोट कशाला?

दत्ताराम बोलला. "पूर्वी मी आलो की घरात कोंबडी कापायचे. आता रोज कोण कापणार? मला नकोच आहे. पण मी जेवायला बसलो की ही माझ्या ताटात बघते. आज कोंबडी नाही, ह्यांना काय वाटलं असेल, असं. रोज. तो घास उतरत नाही, ताई."

आशाताईंनी वनिताकडे बघितलं. ती म्हणाली, "काय बोलू?"



*

त्याच हिवाळ्यात एक मास्तर माझ्या दुकानात बोचकं घेऊन आले. त्यांची केस पुढल्या शनिवारी आमच्याकडे लागायची होती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. दोघांनी तसं दाखवलं नाही. बोचक्यात लग्नातली भांडी. तांब्ये, वाट्या, एक परात. प्रत्येकावर बायकोचं नाव घातलेलं.

म्हणाले, "शेठ, एवढी नावं घासून द्या."

मी तांब्या हातात फिरवला. म्हटलं, मास्तर, नाव खोल आहे. जाईपर्यंत घासलं तर पत्रा पातळ होईल आणि तांब्या गळेल.

"मग वरून दुसरं घाला."

"घालतो. पण तिरक्या उजेडात धरलं की पहिलं वाचता येतंच."

मास्तर बोचकं बांधून निघून गेले. मला वाटलं, भाऊशेठ, शनिवारच्या आधीच केस मिटवलीत की! मी तसं अण्णांना फुशारकीने सांगितलंसुद्धा.

कसलं काय! शनिवारी दोघं आली, नीट बोलली, एकमेकांचं पटत नाही ते मुद्द्यासकट सांगितलं, आणि वर्षाच्या आत वेगळी झाली. काही जोड असे असतात, त्यांना कथलाचा डाग देऊन उपयोग नसतो.

पुढे मास्तरांचं दुसरं लग्न ठरलं. भांडी घ्यायला माझ्याकडेच आले, सोबत नवे सासरे. सासऱ्यांनी हौसेने विचारलं, नाव काय काय घालायचं? मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "कोरीच द्या, शेठ."

*

एक किस्सा मी सहसा सांगत नाही. पण तो गाळला तर बाकीचे खोटे ठरतील.

नवरा सरकारी नोकरीतला, इस्त्रीचे कपडे, बोलणं मऊ. बायको माहेरी येऊन बसलेली. तिचे वडील बरोबर आलेले, हात जोडूनच खोलीत शिरले. नवऱ्याने स्वतःहून सांगितलं, रागाच्या भरात एकदा हात उठला, चूक झाली, पुन्हा होणार नाही. प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती. अण्णा विचारतील त्याला उत्तरही देत होती. जाशील ना परत? जाईन. काही भीती नाही ना? नाही. वडिलांच्या डोळ्यांत पाणी. अण्णांनी पेन उघडलं. मीही मनात म्हटलं, एक संसार लागला मार्गी.

उकडत होतं. नवऱ्याने कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला.

शेजारी बसलेल्या तिने मान खाली घातली आणि कोपर डोक्यावर धरलं. बोलणं न थांबवता. हात खाली आला तशी पुन्हा सरळ बसली आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. आपण काय केलं हे तिला समजलंही नसावं.

आशाताईंनी शांतपणे विचारलं, "एकदाच ना?"

"एकदाच," तो म्हणाला.

"अण्णा, लिहा. समेट होऊ शकत नाही."

वडील उठून आले. "ताई, मोडू नका हो. धाकटी अजून उजवायची आहे."

"मी मोडत नाही," आशाताई म्हणाल्या. "मोडलेलं आहे. तुम्हाला दाखवतेय."

तो मऊ माणूस मग मऊ राहिला नाही. तुम्ही कोण, तुमचा अधिकार काय, मी वरपर्यंत जाईन, माझ्या ओळखी आहेत. खुर्ची सरकवून टेबलाशी आला. मी आणि अण्णा दोघंही उठून उभे राहिलो. आशाताई बसलेल्याच. त्याने विचारलं, एकदा म्हणजे एकदा नाही, हे कशावरून म्हणता?

आशाताई म्हणाल्या, "हात पुन्हा वर करा. सांगते."

*

त्या दिवशी दत्ताराम आणि वनिता बाहेर बाकावर बसले होते. बाक लांब, हा एका टोकाला, ती दुसऱ्या. तो माणूस तणतणत त्यांच्यासमोरून गेला. त्यांची पाळी आली तेव्हा वनिता आपणहून बोलली, "आमच्या ह्यांनी कधी हात उगारला नाही. शिवी दिली नाही."

"मग बाई?" आशाताई म्हणाल्या.

"मग काही नाही."

आशाताईंनी त्यांना अभ्यास दिला. घरी जा, आणि पुढच्या खेपेला दोघांनी एकमेकांबद्दलची एक-एक तक्रार घेऊन या. मोठी नको. ताकात मीठ जास्त पडतं, एवढीही चालेल. पण आणायचीच.

पुढच्या खेपेला दत्ताराम म्हणाला, खूप आठवलं, पण सापडली नाही. वनिता म्हणाली, एक सापडली होती.

आम्ही तिघंही पुढे सरकलो. दत्तारामसुद्धा.

"सांग की," तो म्हणाला.

"नको. सांगण्यासारखी नाही."

"सांग. मी रागावणार नाही."

"तेच तर," ती म्हणाली, आणि पदर नीट करून उठली. गाडीची वेळ झाली होती.

ते गेल्यावर अण्णा बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. म्हणाले, वकिली सोडली ती कंटाळून. ह्या केसमुळे मला पहिल्यांदा वाटतंय की मला वकिली येतच नव्हती. आशाताई म्हणाल्या, दोन चांगली माणसं नुसती लाजून वेगळी होतायत, आणि आपण तिघं बघतोय.

त्यानंतर आम्ही काय नाही केलं! अण्णांनी दोघांना वेगवेगळं बसवलं. मी चहा मागवला, की निदान साखर कमी-जास्त म्हणतील. त्याने कप तिच्यापुढे सरकवला, तिने त्याच्यापुढे. शेवटी दोन्ही कप गार झाले. फेब्रुवारी गेला. शिमगा आला नि गेला. पालखी चुलत्याच्या अंगणात नाचली तेव्हा दोघंही एकाच खांबाला टेकून बघत होते म्हणे, खांबाच्या दोन बाजूंनी.

*

सगळंच टेन्शनचं होतं असं नाही. एक किस्सा तर मी माझ्या नावावर मिरवतो.

खाडीपलीकडची रेहाना आणि तिचा नवरा इक्बाल. ह्यांची कोर्टात केस नव्हती. कोणाकडून तरी ऐकून आपणहून आले. इक्बाल आखातात क्रेन चालवायचा. रजेवर आलेला, आठवड्यात परत जायचा, आणि जाण्याआधी काय तो सोक्षमोक्ष लावू म्हणत होता. सोबत त्याची आई, दारातच बसली.

त्या काळी तिकडची माणसं पत्रं लिहीत नसत. टेप भरून पाठवायची. कोणी गावाकडे निघालं की त्याच्या हाती कॅसेट द्यायची. इक्बालची तक्रार अशी, की मी तासभर बोलतो आणि ही उलट टेपमध्ये "खैरियत आहे" एवढंच म्हणते. हिला माझी पर्वा नाही.

रेहाना म्हणाली, "तासभर बोलतात. अम्मीशी, भावांशी, मामूंशी. बकरी कशी आहे विचारतात. मग शेवटी, रेहानाला सलाम सांगा. बकरीला दोन मिनिटं, मला सलाम."

इक्बाल तांबडा झाला. "टेप ओटीवर लावतात. सगळा मोहल्ला ऐकायला बसतो. अम्मीच्या समोर तुझ्याशी काय बोलू?"

दुसऱ्याची अडचण आजवर दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. आशाताई आणि अण्णा एकमेकांकडे बघतायत. मी आपला व्यापारी माणूस, म्हटलं, "कॅसेटला दोन बाजू असतात ना?"

ठरलं. पहिली बाजू घराची, दुसरी रेहानाची. दारातून सासू म्हणाल्या, मला काय, मी पहिलीच ऐकीन. इक्बाल आठवड्याने विमानात बसला, तलाकचं नाव न काढता.

पावसाळ्यानंतर त्या सासूबाई डेग घ्यायला माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, "शेठ, दोन बाजूंची अक्कल तुमचीच ना? पहिल्या बाजूला पोरगा आता सलाम करतो, तबियत विचारतो, आणि पुढे टेप कोरी फिरते. दुसरी बाजू म्हणे काठोकाठ भरून येते. माजघरात सून एकटीच हसत असते."

मी म्हटलं, मग इक्बालला कळवू का, की पहिली बाजूही जरा भरत जा?

"नको. हसू दे," त्या म्हणाल्या. "फक्त सेल तिचे तिने आणावेत, एवढं सांगा. रेडिओला उरत नाहीत."

*

एप्रिलातली ती तारीख शनिवारची नव्हती. तरी आम्ही तिघंही गेलो. मी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं, आशाताई रिक्षा करून आल्या. अण्णांनी, का कोण जाणे, जुना काळा कोट घातला होता.

दत्ताराम आणि वनिता एकाच एसटीने आले. दत्तारामच्या हातात ट्रंक. मुंबईला एका इमारतीत पहाऱ्याची नोकरी मिळाली होती. साहेबांपुढे "हो" म्हणायचं आणि तसंच स्टँडवर जाऊन संध्याकाळची गाडी धरायची, असं ठरलेलं. वनिताच्या हातात कापडी पिशवी, फुगलेली. मुंबईला जाणाऱ्या माणसाला घरून देतात ते सगळं. आमसुलं, कुळथाचं पीठ, तांदूळ, काजूच्या बिया. घटस्फोट घ्यायला निघालेल्या नवऱ्याला तिने दर वर्षीसारखं बांधून दिलं होतं!

बाकावर पिशवी मध्ये, दोघं दोन बाजूंना. आशाताईंनी जाऊन विचारलं, काही बोलायचंय का? दोघांनी नाही म्हणून मान हलवली. आम्ही आमच्या खोलीच्या दारात उभे राहिलो. तिकडे कोर्टात आधीची केस संपत आलेली. शिपाई पुढचा कागद घेऊन दारात येऊन उभा राहिला.

दत्तारामला वेळ काढवेना. उगाच पिशवीत हात घालून एकेक पुडी चाचपत होता. एक बोचकी उचलून त्याने तोलली.

"बिया एवढ्याच? दर वर्षी पिशवीभर असतात."

वनिता हळूहळू त्याच्याकडे वळली. सहा महिन्यांत तिला मी त्याच्याकडे असं सरळ बघताना पाहिलं नव्हतं.

"काय म्हणालात?"

"नाही, म्हटलं, यंदा कमी आल्या काय."

"कमी आल्या? झाडं लगडली होती. सुकायला घातलेल्या सगळ्या वानरांनी नेल्या. तुमच्या समोरून नेल्या. तुम्ही पडवीत बसला होतात."

"हो, बघितलं मी."

"बघितलंत?"

"मोठा कळप होता."

"आणि बसून राहिलात?"

"मला वाटलं, तू येशील."

"मी नदीवर होते. कपडे धूत होते. तुमचे."

शिपायाने पहिला पुकारा केला. दोघांची नावं, वाडीसकट, खणखणीत. मी पुढे व्हायला गेलो. आशाताईंनी माझी बाही धरली.

"मग सांगून जायचं होतंस, बियांवर लक्ष ठेवा म्हणून," दत्ताराम म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता.

"वानरं आली की उठायचं, हे सांगायला लागतं?"

"मला लागतं. मी जन्मभर साचे चालवले. गिरणीत वानरं येत नाहीत. तू सांगतेस कधी? ताट झाकून पाठवतेस. कधी म्हणालीस, पाणी भरा? कधी म्हणालीस, उठा?"

"कसं म्हणणार होते?" ती उठून उभी राहिली. पिशवी बाकावरून खाली पडली, आमसुलं व्हरांड्यात पसरली. व्हरांड्यातल्या वकिलांनी माना वळवल्या. "गिरणी गेली नि बायको नवऱ्याला राबवते, असं वाडीने तोंडावर म्हटलं असतं तुम्हाला. ते चाललं असतं? मी एकटीने ओढलं, ते कोणासाठी? आणि वर विचारता, बिया एवढ्याच?"

दुसरा पुकारा झाला. अण्णांनी कोटाचं बटण धरलं आणि ते तसंच धरून राहिले. आतून साहेबांचा आवाज आला, आहेत का, बघा. शिपाई पायऱ्या उतरून बाकाशी आला.

"त्या विहिरीचा रहाट दोन पावसाळे मोडलाय," वनिता म्हणत होती. आता ती रडतही होती आणि थांबतही नव्हती. "रोज हाताने ओढते मी. तुम्हाला यंत्रातलं कळतं म्हणतात. दिसला नाही रहाट? दिसला ना? मग? आणि गोठ्याची ती भिंत..."

शिपायाने तिसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडलं.

दत्तारामने त्याच्याकडे न बघता हात आडवा धरला.

"वायच थांबा हो. ती बोलतेय."